पाणी कुठे जाईल? तिसरीच्या वर्गातला उठावाचा नकाशा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिक शहरापासून फार लांब नसलेली, गोदाकाठची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिसरीचा पट ३८, शिकवायला एकच वर्गशिक्षिका. स्वतंत्र कलाशिक्षक नाही. प्राथमिकला तो सहसा नसतोच. कला आणि कार्यानुभवाच्या तासिका वेळापत्रकात होत्या, पण चाचणी जवळ आली की त्या गणिताच्या सरावाला जायच्या. उरलेल्या वेळात 'पाठावर आधारित चित्र काढा' एवढंच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या माध्यमातून विषय शिकवण्यावर भर आहे. प्रशिक्षणाहून परतलेल्या मुख्याध्यापक सरांनी प्रत्येक वर्गाला एक कलाप्रकल्प घ्यायला सांगितला. तयार वस्तू १५ ऑगस्टला पालकांसमोर मांडायची असंही त्यांनी ठरवलं. या तारखेने पुढे बरंच काही घडवलं आणि बिघडवलंही.

अडचण नेमकी कोणती

परिसर अभ्यासात 'आपला जिल्हा' शिकवून झाला होता. मुलांना १५ तालुक्यांची नावं पाठ होती. नकाशात गोदावरी, गिरणा, दारणा, कादवा अचूक दाखवता येत होत्या. लेखी उत्तरं पाहिली तर अडचण आहे असं कुणी म्हणालं नसतं.

ती कळली एका साध्या प्रश्नातून. बाईंनी नद्यांच्या नुसत्या रेघा असलेला नकाशा वाटला आणि पाणी कुठून कुठे जातं ते बाण काढून दाखवायला सांगितलं. अर्ध्याहून जास्त मुलांनी सगळे बाण कागदाच्या खालच्या कडेकडे काढले. नकाशाची वरची बाजू म्हणजे उंच आणि खालची म्हणजे सखल, असा त्यांचा हिशेब होता. "बाई, वैतरणा डावीकडे कशी जाईल, पाणी खाली नाही का जात?" हा एका मुलीचा प्रश्न वर्गाची समज नेमकी सांगत होता.

नाशिक जिल्ह्यात हा गैरसमज महागात पडतो, कारण इथे पाणी तीन वाटांनी फुटतं. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी गोदावरी पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेतून निघालेली वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. पेठ-सुरगाण्याकडच्या दमणगंगा, नार, पार याही पश्चिमेच्याच. उत्तरेला गिरणा पूर्वेकडे वाहत जाते, मालेगावला मोसम तिला मिळते आणि पुढे तापीमार्गे ते पाणी पुन्हा अरबी समुद्रातच जातं. सपाट कागदावर यातलं काहीच दिसत नाही. मुलांना नद्या ठाऊक होत्या, उतार ठाऊक नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रंगीत तक्ता. एका दिवसात होतो आणि भिंतीवर शोभून दिसतो. पण नदी कुठे वाहते हे अजिबात न कळताही तक्ता उत्तम रंगवता येतो, म्हणून तो बाद झाला. कोणताही कलाप्रकल्प निवडताना ही कसोटी लावून पाहावी: विषय न समजता वस्तू पूर्ण होत असेल, तर कला तिथे फक्त सजावटीला आली आहे.

दुसरा, अंगणात रांगोळीने मोठा नकाशा. मुलं त्यावर चालू शकतात, दिशा पक्क्या होतात. पण उंची नाही, आणि जुलैत अंगण ओलं.

तिसरा, शाडू मातीची प्रतिकृती. उंची मिळते आणि हाताला माती छान लागते. मात्र एवढ्या आकाराला वजन पेलवत नाही, वाळताना जाड भागांना तडे जातात आणि गणेशोत्सवाच्या तोंडावर शाडूचे भाव चढलेले असतात.

चौथा, अंगणातच मातीचा ढीग करून त्यावर झारीने पाणी सोडणं. खर्च शून्य. तो नाकारला गेला, कारण १५ ऑगस्टला मांडायला काही उरलं नसतं. कारण कामचलाऊ होतं आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

निवडला गेला पाचवा पर्याय: फळीवर कागदाच्या लगद्याचा उठावाचा नकाशा, म्हणजे ज्यात डोंगर खरोखर उंच आणि दऱ्या खोल असतात असा.

आखणी

जवळच्या माध्यमिक शाळेतल्या कलाशिक्षकांनी आखणीत मदत केली. जमिनीवरचे २ किलोमीटर म्हणजे फळीवर १ सेंटीमीटर. या प्रमाणात जिल्हा ९० × ८० सेंटीमीटरमध्ये बसतो. तेवढी एकच फळी घेतली तर ३८ मुलांपैकी आठ-दहा काम करतात आणि बाकीची वाकून बघतात. म्हणून ६ मिलिमीटर प्लायवुडचे ३० × ४० सेंटीमीटरचे सहा तुकडे, रुंदीला तीन, उंचीला दोन. चार गट सहा मुलांचे, दोन गट सात मुलांचे. पुठ्ठा मुद्दाम टाळला. एका बाजूने ओला लगदा बसला की वाळताना पुठ्ठा वाकतो. पातळ प्लायसुद्धा थोडा वाकतो, म्हणून तुकड्यांच्या मागच्या बाजूलाही खळीने वर्तमानपत्राचा एक थर चिकटवून घेतला.

उंचीला हेच प्रमाण लावलं तर साल्हेरचा डोंगर पाऊण सेंटीमीटरचाच होतो. म्हणून उंचीला २०० मीटर म्हणजे १ सेंटीमीटर, अर्थात आडव्या प्रमाणाच्या दहापट. तिसरीच्या मुलांना हा भागाकार जमत नाही, पण '१०० मीटरला अर्धा सेंटीमीटर' असं मोजत जाणं जमतं. उंच्या शेकड्यात करून घेतल्या. कळसूबाई १६४६ मीटर म्हणजे १६००, काडी ८ सेंटीमीटर. साल्हेर १५६७, तीही ८. धोडप १४७२, काडी साडेसात. ब्रह्मगिरी १३०० च्या आसपास, काडी साडेसहा. नाशिक शहर ६०० धरून ३.

या काड्या हाच आखणीचा कणा. खराट्याच्या काड्या उंचीप्रमाणे कापायच्या, नकाशावर त्या त्या ठिकाणी उभ्या करायच्या, मधल्या जागेत चुरगळलेली कोरडी वर्तमानपत्रं कागदी टेपने बसवायची आणि वरून फक्त ५ मिलिमीटर लगदा, काडीच्या टोकापर्यंत. कोरडा भराव नसता तर लगद्याचं वजन फळीला झेपलं नसतं आणि तो पावसाळ्यात कधी वाळलाच नसता.

मोठ्यांनी कशाला हात लावायचा हेही आधीच ठरलं: भोकं पाडणं, मिक्सर आणि गॅसवरची कामं, शेवटी तैलरंग. बाकी काही नाही. असा नियम आधी ठरवला नाही तर मदतीला आलेले पालक डोंगर 'नीट' करून देतात आणि मुलं टेप फाडून देण्यापुरती उरतात.

प्रत्यक्ष काम

आठवड्याच्या दोन कला तासिका सलग घेतल्या आणि शनिवारची सकाळ जोडली. शनिवारच्या शाळेला 'आनंददायी शनिवार', म्हणजे कृती-उपक्रमांचा दिवस, असल्यामुळे त्यासाठी वेगळी परवानगी लागली नाही. लगद्याचं काम सुट्या ३५ मिनिटांत होत नाही. मांडण्यात आणि हात धुण्यातच निम्मी तासिका जाते.

पहिला दिवस काड्यांचा. इथे दोन चुका बहुतेक गटांत झाल्या. एक नेहमीची: पट्टीच्या शून्यापासून न मोजता पट्टीच्या कडेपासून मोजणं. दुसरी खास या कामातली. काडी प्लायच्या भोकात ६ मिलिमीटर आत जाते, म्हणजे ८ सेंटीमीटरची काडी वर ७.४ च राहते. एका गटाच्या लक्षात आलं, कारण त्यांचा साल्हेर शेजारच्या गटाच्या धोडपापेक्षा बुटका निघाला. उपाय सोपा: काडीच्या बुडाशी ६ मिलिमीटरवर पेन्सिलची खूण आणि मोजणं त्या खुणेपासून. मापनाच्या पाठात जे आठवडाभर घोटूनही पक्कं होत नाही, ते इथे झालं. चुकीची काडी डोळ्यांसमोर उभी होती.

लगद्यासाठी १ किलो वर्तमानपत्रं. गुळगुळीत मासिकांचा कागद चालत नाही, तो पाण्यात विरत नाही. दोन सेंटीमीटरचे तुकडे एक दिवस भिजवून, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडे थोडे फिरवले, फडक्यात पिळले. त्यात २०० ग्रॅम मैद्याची शिजवलेली खळ, १०० ग्रॅम सुतारकामाचा पांढरा गोंद, दोन चमचे मेथीपूड. भाकरीच्या पिठाइतका घट्ट झाला की तयार. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. तो विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या लगद्यात तो घालू नये.

डोंगराळ तुकड्यांवर उत्साह उतू जात होता. येवला-नांदगावच्या सपाट तुकड्यावरचा गट मात्र अर्ध्या तासात हात झटकून बसला. त्यांना मनमाडजवळची अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी आणि हडबीची शेंडी हा सुळका बसवायला दिला. रेल्वेतून दिसणारा तो सुळका दोन मुलांनी पाहिलेला होता. सपाट भागाच्या गटाला काय द्यायचं हे आखणीतच ठरवलेलं बरं.

गोदावरी शिवेवर अडली

सहा तुकडे पहिल्यांदा शेजारी ठेवले तेव्हा त्र्यंबकच्या तुकड्याची कड नाशिकच्या तुकड्यापेक्षा दीड सेंटीमीटर खाली होती. त्र्यंबकहून येणारी गोदावरी नाशिकच्या वेशीवर भिंतीला जाऊन धडकत होती. दोन्ही गट आपलंच माप बरोबर म्हणत होते. काड्या तपासल्या तर दोन्हींच्या बरोबर होत्या. काड्या फक्त शिखरांवर आणि गावांवर होत्या, कडेवर एकही नव्हती.

इथे निर्णय घ्यायचा होता. बाईंनी स्वतः कड भरून दिली असती तर दहा मिनिटांत काम मिटलं असतं. त्याऐवजी दोन्ही गटांना समोरासमोर बसवून सामाईक कडेची पट्टी करायला लावली. जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. कडेवर दर ५ सेंटीमीटरला उंची किती असावी हे दोघांनी बोलून ठरवायचं, तशी वरची रेघ काढायची आणि दोन्ही एकदम कापायच्या. एक पट्टी या फळीला, एक त्या. भूगोलाचं खरं बोलणं या पट्टीवर झालं: "नदी इकडून तिकडे जाते ना, मग तुमची बाजू कमी पाहिजे." सात शिवांवर सात पट्ट्यांच्या जोड्या लागल्या आणि दोन तासिका जास्त गेल्या.

बुरशी

ऑगस्टचा पहिला आठवडा, सततची भुरभुर, वर्गात दमट हवा. वरून कोरडे दिसणारे तुकडे प्रदर्शनाच्या घाईत रंगवले गेले. रंगाने वरचा थर बंद झाला, आतली ओल आतच राहिली, आणि मैदा तर बुरशीचं खाद्यच. १५ ऑगस्टला नकाशा छान दिसला. पुढच्या आठवड्यात डोंगरांच्या बुडाशी काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास. जाड भरलेल्या जागी सर्वांत जास्त.

दोन तुकड्यांचा लगदा पूर्ण काढावा लागला. ते काम मोठ्यांनी तोंडाला फडकं बांधून उघड्यावर केलं. बुरशीची धूळ मुलांनी हुंगू नये, दम्याचा त्रास असलेल्यांनी तर नाहीच. नव्या लगद्यातून मैदा काढून टाकला: १ किलो रद्दीला ३०० ग्रॅम पांढरा गोंद आणि अर्धा किलो व्हायटिंग पावडर (खडूची बारीक भुकटी). मीठ घालायचा सल्ला कुणीतरी दिला होता, तो मानला नाही. मीठ हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात लगदा आणखी चिकट राहतो.

वाळवताना तुकडे विटांवर ठेवले, म्हणजे खालूनही हवा लागते, आणि पंखा सुरू. वाळलं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. गालाला गार लागलं तर आत ओल आहे. त्याहून पक्की खूण वजनाची. पोषण आहाराच्या खोलीतला वजनकाटा आणून मुलं रोज तुकड्याचं वजन फळ्यावर लिहायची. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की रंगाला परवानगी. ठरवून घेतलेलं नसतानाही वजाबाकीचा सराव इथे भरपूर झाला.

रंगाचा वाद

नकाशात सखल भाग हिरवा, उंच भाग तपकिरी, ही पद्धत बाईंनी सांगितली. मुलांना पटलं नाही. पावसाळ्यात त्र्यंबकचे डोंगर हिरवेगार असतात हे त्यांना दिसत होतं. शेवटी सूची करायची अट घालून रंग मुलांवर सोडले: कोणता रंग किती उंचीला, हे नकाशाच्या कोपऱ्यात लिहायचं आणि सहाही तुकड्यांना एकच सूची लागू. मुलांनी जांभळा रंग सर्वांत उंच जागांना दिला. दिसायला विचित्र, पण सूची वाचता येणारी. हा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. ठरलेला रंग पाळण्यापेक्षा सूची कशासाठी असते हे कळणं मोठं.

पावसाची चाचणी

नकाशावर पाणी सोडून पाहायचं हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. पहिला प्रयोग फसला. पाणी झिरपू नये म्हणून पांढरा गोंद पातळ करून वरून फासला होता. हा गोंद वाळला तरी पाण्याला टिकत नाही. तांब्याभर पाणी पडताच तो दुधाळ, चिकट झाला आणि रंग ओघळले.

मग फक्त नद्यांच्या खोबणींना निळ्या तैलरंगाचे दोन हात दिले. या खोबणी ओल्या लगद्यातच रिकाम्या रिफिलच्या टोकाने दाबलेल्या होत्या. तांब्याऐवजी ड्रॉपर. तरीही नाशिकच्या पूर्वेला थेंब हलेना. कारण प्रमाणातच होतं: निफाडकडचा प्रदेश इतका सपाट आहे की दहापट उंची वाढवूनही फळीवरचा उतार मिलिमीटरमध्येच येतो. पश्चिमेच्या कडेखाली दीड सेंटीमीटरची पाचर लावली. पेठ-सुरगाण्याचा उतार मुळातच तीव्र असल्यामुळे तिकडचे थेंब पाचर लावूनही पश्चिमेलाच गेले. पाचर का लावली हे मुलांना सांगितलं. ८ सेंटीमीटरच्या काडीशेजारी ८ मिलिमीटरची काडी उभी करून खऱ्या प्रमाणातला साल्हेर केवढा तेही दाखवलं. हे टाळलं तर मुलं डोंगर भिंतीसारखे सरळ असतात असा नवा गैरसमज घेऊन घरी जातात.

थेंब सोडण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: हा थेंब शेवटी कुठे पोचेल? अरबी समुद्र थेट, तापीमार्गे अरबी समुद्र, की बंगालचा उपसागर? सर्वांत जास्त गलका त्र्यंबकच्या धारेवर झाला. ड्रॉपर केसभर इकडे धरला तर थेंब गोदावरीत, तिकडे धरला तर वैतरणेत, म्हणजे मुंबईच्या धरणाकडे. तो प्रयोग मुलांनी पुन्हा पुन्हा करायला लावला. आमच्या मते प्रकल्पाचं खरं शिक्षण या चिठ्ठ्यांमध्ये होतं. आधी अंदाज लिहून घेतला नसता तर ती नुसती करमणूक झाली असती.

पालकसभा आणि गुण

दोन पालकांनी सभेत विचारलं, "बाई, महिना झाला चिखलच कालवताहेत, पाढे कधी घेणार?" उत्तरादाखल बाईंनी भाषण केलं नाही. मुलांची काड्यांच्या मापांची पानं आणि वजनाच्या नोंदी पुढे ठेवल्या. तक्रार पूर्ण मिटली नाही, पण मवाळ झाली.

गुण आकारिक, म्हणजे वर्गात सतत चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्प आणि प्रात्यक्षिक या साधनांखाली दिले. तीनच निकष: काडीचं माप बरोबर आहे का, कडेची पट्टी शेजाऱ्याशी जुळते का, थेंबाचा अंदाज कारणासह सांगता येतो का. सुबकतेला गुण नव्हते.

काय हाती लागलं

शेवटी तोच बाणांचा नकाशा पुन्हा दिला. गोदावरी, वैतरणा आणि गिरणेचे बाण बहुतेकांचे बरोबर आले. पण वर्गात कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या जिल्ह्याचा नकाशा दिल्यावर काही मुलांचे बाण पुन्हा खाली वळले. त्यांना आपल्या जिल्ह्याचं उत्तर कळलं होतं, नियम कळला नव्हता. जी मुलं "डोंगर कुठे आहेत ते आधी सांगा" म्हणाली, त्यांना तो कळला होता. अशी मुलं वर्गात निम्म्याच्या आसपास.

वेगळं काय करता आलं असतं

मातीच्या ढिगाचा पर्याय पहिल्याच दिवशी, उघडीप मिळताच, एका तासिकेत घ्यायला हवा होता. उताराची कल्पना ढिगावर बसली असती आणि नकाशा ती पक्की करायला उरला असता. इथे सगळा भार नकाशावर आला आणि पाण्याची चाचणी दीड महिन्यानंतर झाली.

कडेच्या पट्ट्या लगद्याआधी, काड्यांसोबतच व्हायला हव्या होत्या. सात शिवांपैकी फार तर एक मुद्दाम न जुळवता ठेवावी, म्हणजे वादही होईल आणि वेळही वाचेल.

प्रदर्शनाची तारीख हा खरा घोळ. लगद्याचं काम पावसाळ्यात घ्यायचंच असेल तर १५ ऑगस्टला न रंगवलेले, काड्या उभ्या असलेले अर्धवट तुकडे मांडावेत आणि मुलांनी पालकांना ते समजावून सांगावेत. सरांशी हे आधी बोलता आलं असतं; पुढच्या वर्षासाठी ते बोलणं झालं आहे. दुसरा मार्ग म्हणजे हा घटक दिवाळीनंतर घेणं. नाशिकच्या कोरड्या थंडीत ५ मिलिमीटरचा थर तीन-चार दिवसांत वाळतो.

नकाशा पुढच्या तिसरीला आयता द्यायचा की नाही यावर शाळेत दोन मतं होती. तोडगा असा निघाला: नव्या वर्गाने दोनच तुकडे नव्याने करायचे, त्र्यंबकचा आणि त्याच्या शेजारचा नाशिकचा, त्यांच्यातल्या कडेच्या पट्टीसह, बाकीचे चार जुने वापरायचे. जुने तुकडे जमिनीवर न ठेवता कपाटावर आडवे ठेवले आहेत, दोन तुकड्यांमध्ये हवेसाठी लाकडी पट्ट्या घालून. उंदरांना मैद्याची खळ आवडते, त्यामुळे पहिल्या मिश्रणातले जे चार तुकडे उरलेत त्यांच्याकडे दर महिन्याला नजर टाकावी लागते.